ईव्हीचं ब्रेक पेडल मऊ लागतंय, पाय खोल जातोय? काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं सांगतो. तुमच्या गाडीला यातलं कुठलं लागू होतंय ते नीट आठवून बघा, कारण "ब्रेक मऊ झालाय" एवढ्या एका वाक्यात माझ्याकडे पाच वेगवेगळ्या भानगडी येतात.

पेडल पहिल्यापेक्षा खोल जातं, पण दोन-तीनदा भराभर दाबलं की वर येतं आणि कडक लागतं, ही एक. पेडल स्पंजसारखं दबतं, पायाला शेवट म्हणून लागतच नाही, ही दुसरी. तिसरी म्हणजे सिग्नलला पाय दाबून उभे असताना पेडल हळूहळू खाली सरकत जातं. चौथी, पेडल तसं ठीक आहे पण गाडी कधी पटकन थांबते तर कधी पुढे पळाल्यासारखी वाटते, आणि हे जास्त करून घरून फुल चार्ज करून निघालं की होतं. पाचवी लोक यातच धरतात पण ती उलटी आहे, पेडल दगडासारखं कडक होतं आणि गाडी थांबत नाही.

तुमची तिसरी असेल तर गाडी आहे तिथे उभी करा, चालवू नका, आणि थेट शेवटाकडचा "थांबायचं कुठे" हा भाग वाचा.

मी गोव्यात डिचोलीत गॅरेज चालवतो. पेट्रोल-डिझेलची कामं करतच होतो, आता ईव्ही पण बऱ्याच येतात, आणि ब्रेकची तक्रार घेऊन आलेल्या ईव्हीत दरवेळी तेच तेच सापडतं म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतोय. पाऊस ओसरायला लागला की गणेश चवथीच्या पुढेमागे या गाड्या जास्त येतात, आणि ते का हे कळलं की निम्मं काम तुमचं तुम्हीच कराल.

पेट्रोलच्या गाडीत तुम्ही थांबता ते प्रत्येक वेळी ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर घासूनच. ईव्हीत तसं नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरच जनरेटर होते, बॅटरीत चार्ज जातो आणि गाडीचा वेग उतरतो, यालाच रिजेन म्हणतात. काही गाड्यांत तर ब्रेक पेडल हलकं दाबलं तरी आधी रिजेनच लागतं आणि पॅड नंतर. त्यामुळे पॅड खूप टिकतात हे खरंच आहे, पण डिस्क आणि तिच्यावर पॅड दाबणारा कॅलिपर दिवसेंदिवस नुसते बसून असतात आणि गोव्यात लोखंड नुसतं बसून राहिलं की काय होतं ते आपल्या घराच्या गेटला विचारा. खारी हवा, पाऊस, आणि आमच्या डिचोली-साखळी बाजूला तांबडी माती. डिस्कवर एका रात्रीत गंज चढतो, पेट्रोलच्या गाडीत तो सकाळच्या पहिल्या चार ब्रेकमध्ये घासून जातो, ईव्हीत तो तिथेच राहतो आणि आत आत जातो.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे रिजेनमुळे गाडी थांबत राहते, म्हणून बिघाड लपतो. माणूस महिनोन् महिने गाडी चालवतो. तो बिघाड दिसतो कुठे, तर जिथे रिजेन नसतं तिथे, म्हणजे बॅटरी फुल असताना आणि चालण्याच्या वेगाला, कारण इतक्या कमी वेगात मोटर जवळजवळ काहीच ओढून धरत नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर दिवाडीच्या एक शाळेतल्या बाई आल्या होत्या, रोज नार्वेच्या फेरीबोटीने ये-जा. त्यांचं म्हणणं, "गाडी थांबते तर खरी हो, पण फेरीवर चढवताना पाय खोल जातो, रस्त्यावर नाही जात." आधी दुसरीकडे दाखवलं तर तिथे ब्रेक ऑईल वर भरून दिलं आणि सांगितलं की ईव्हीचा ब्रेक असाच असतो. पण फेरीचा धक्का म्हणजे नेमकी ती जागा. ओहोटी असेल तर उतार जास्त, वेग मुंगीचा, पुढे पाणी, रिजेन शून्य, सगळा भार खऱ्या ब्रेकवर. बाईंनी जे सांगितलं त्यातच अर्धं निदान होतं. डावं पुढचं चाक काढलं तर कॅलिपर ज्यावर सरकतो ती खालची पिन हाताने हलेना, पक्कडीत धरून थोडी थोडी फिरवत काढली, पिनेवरचं रबरी टोपण, म्हणजे बूट, फाटलेला, आत तांबड्या मातीचा आणि गंजाचा लगदा, ग्रीस टिकलीएवढंही शिल्लक नाही. आतला पॅड जवळजवळ पत्र्यापर्यंत गेलेला, बाहेरचा नव्यासारखा. पिन सरकत नसली की कॅलिपर सरकत नाही, मग पिस्टन एकाच बाजूने ढकलतो आणि तुमचा पाय पॅड दाबायच्या ऐवजी अख्खा कॅलिपर वाकवत असतो, तोच मऊपणा पायाला कळतो.

आता तपासणी, फुकटच्यापासून सुरू करू.

सगळ्यात आधी गाडीची सेटिंग बघा. रिजेनची लेव्हल कोणी बदलली आहे का, ड्राइव्ह मोड वेगळा आहे का. घरात दोघं-तिघं गाडी चालवत असतील तर हे फार होतं, एकाला रिजेन जास्त लागतं, दुसरा पोरांना गाडी लागते म्हणून शून्यावर ठेवतो आणि तिसऱ्याला वाटतं ब्रेक गेला. बॅटरी शंभर टक्के असेल तर रिजेन कमी मिळणारच, चार्ज जायला जागाच नाही, ७०-८० टक्क्यांवर तीच गाडी त्याच रस्त्यावर चालवून बघा. फरक पडला तर चौथं लक्षण तुमचं, आणि तो बिघाड नाही. खड्ड्यावरून जाताना किंवा ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबलेला असताना क्षणभर गाडी सुटल्यासारखी वाटते ते पण बहुतेक वेळा हेच असतं, चाक घसरलं असं गाडीला वाटलं की ती रिजेन सोडून देते आणि साध्या ब्रेकवर येते. पण एक सांगतो, हे कारण मिळालं म्हणून पुढची तपासणी सोडू नका, दोन्ही एकत्र असलेल्या गाड्या मी बघितल्यात.

मॅट पण बघा. दोन-दोन मॅट एकावर एक टाकले असतील तर पेडल पुरतं खाली जात नाही आणि पुढच्या सगळ्या टेस्ट चुकतात. काढून ठेवा.

मग बोनेट उघडून ब्रेक ऑईलची बाटली. गाडी सपाट जागी, टॉर्च मारून बाहेरूनच लेव्हल बघा, मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवी. झाकण उगाच उघडू नका, विशेषतः पावसात, हे ऑईल हवेतली ओल ओढून घेतं. लेव्हल कमी दिसली तर लगेच बाटली आणून ओतायची नाही. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्या मागे ऑईल जातं म्हणून लेव्हल थोडी उतरते, ते नैसर्गिक आहे, पण ईव्हीत पॅड इतके हळू झिजतात की वर्षभरात लेव्हल पटकन उतरली तर मला आधी गळतीचा संशय येतो. ओतून टाकलं की ती खूण पुसली जाते, बाईंच्या गाडीत तेच झालं होतं, उतरलेली लेव्हल पॅड झिजल्याचं सांगत होती आणि ती कोणी ऐकली नाही. रंग पण बघा. नवं ऑईल मधासारखं फिकं पिवळं, जुनं चहासारखं. रंगावरून पाणी किती आहे ते कळत नाही, त्याला टेस्टर लागतो, पण चहासारखं झालंय म्हणजे बऱ्याच दिवसांत बदललेलं नाही एवढं नक्की.

त्यानंतर पायाची टेस्ट, यालाही पैसे लागत नाहीत. सपाट जागा, चाकांना पुढेमागे दगड किंवा लाकूड लावलेलं, गाडी बंद. पेडल पाच-सहा वेळा दाबा, बूस्टरमधली (पायाचा जोर वाढवणारा भाग) साठलेली मदत संपते आणि पेडल कडक होतं. आता घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा. जागेवर राहिलं तर चांगलं. हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी ऑईल सुटतंय, एकतर बाहेर गळतंय नाहीतर मास्टर सिलेंडरच्या (पेडल दाबलं की ऑईल ढकलणारा भाग) आत सील सोडतंय, इथे थांबायचं. जागेवर राहतं पण पायाखाली स्पंजसारखं लागतं, तर लाईनमध्ये हवा, नाहीतर कॅलिपरची पिन जाम. पहिल्या दाबाला खोल आणि पंप केल्यावर वर आलं तर बहुधा हवा, किंवा पॅड-लायनर आणि डिस्क-ड्रम यांच्यात अंतर जास्त झालंय. आता पाय दाबलेला ठेवूनच गाडी चालू करा, डॅशबोर्डवर रेडी आलं की पेडल किंचित खाली जाऊन थांबेल. या क्षणाला लोक घाबरतात, पण तो बूस्टर चालू झाला, तसं व्हायलाच हवं.

ही टेस्ट सगळ्या गाड्यांना सारखी लागू पडत नाही. काही ईव्हीत पेडल आणि कॅलिपर यांचा थेट संबंध नसतो, पायाखाली असतो तो स्प्रिंग-रबरचा सिम्युलेटर आणि दाब देतो तो दुसरीकडचा मोटरवाला युनिट. अशा गाडीत लाईनमध्ये हवा असली तरी पाय नेहमीसारखाच लागू शकतो, बोलेल तो डॅशबोर्डवरचा दिवा. तुमची गाडी कुठल्या जातीची ते मॅन्युअलमध्ये बघा.

कडक पेडलवाल्यांसाठी इथेच सांगतो. पेट्रोलच्या इंजिनातून बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो, ईव्हीत इंजिनच नाही म्हणून एकतर छोटा इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप असतो किंवा पूर्ण इलेक्ट्रिक बूस्टर. पंप असलेल्या गाडीत पेडल दोन-तीनदा दाबलं की बोनेटखालून काही सेकंद घुर्रर्र आवाज येऊन थांबतो. आवाज येतच नाही, किंवा थांबतच नाही, तर पंप, त्याचा फ्यूज, पाईप, यातलं काहीतरी. यात पेडल कडक होतं, मऊ नाही, म्हणून ऑईल बदलून हे सुटणार नाही. १२ व्होल्टची छोटी बॅटरी पण तपासून घ्या. लोक मोठ्या बॅटरीचं कौतुक करतात आणि हिला विसरतात, पण एबीएस, बूस्टर, सगळी कंट्रोल युनिट चालतात हिच्यावर. ती ढिली पडली की ब्रेकचे भलतेसलते मेसेज येतात.

पुढे चारी चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. टायरच्या आतल्या भिंतीवर ओला तेलकट ओघळ, कॅलिपरखाली थेंब, मागच्या ड्रमच्या खालच्या कडेला ओल, असं काही दिसलं तर बोट लावून बघा. पाणी वाळतं, ब्रेक ऑईल चिकट-निसरडं राहतं. हात लगेच पाण्याने धुवा, गाडीच्या रंगावर लागलं तर तिथेही पाणी ओता, रंग खातं ते. ओल सापडली तर गाडी गॅरेजपर्यंत सुद्धा चालवत नेऊ नका.

इथपर्यंत कोणीही करू शकतो. पुढचं ज्यांनी आधी चाकं काढलीत, पॅड बदललेत त्यांच्यासाठीच.

जॅक लावताना मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा. ईव्हीच्या पोटाखाली सगळीकडे बॅटरीचा पेटारा आहे, तिथे जॅक टेकला तर ब्रेकच्या दुरुस्तीपेक्षा फार मोठं संकट ओढवून घ्याल. खाली स्टँड लावल्याशिवाय हात आत घालायचा नाही, या गाड्या दिसतात त्यापेक्षा जड असतात. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतील त्यांना हात नाही, एवढं साधं. आणि मागे इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय मागचे पॅड काढू नका, पिस्टन क्लॅम्पने जबरदस्ती आत ढकलला की आतला स्क्रू-मोटर जातो. काही गाड्यांत नुसतं दार उघडलं तरी ब्रेक सिस्टीम जागी होऊन दाब तयार करते, म्हणून कॅलिपरमध्ये बोटं असताना घरच्या कोणाला गाडीत बसू देऊ नका, चावी लांब ठेवा.

चाक काढल्यावर चार गोष्टी. डिस्कच्या कडेला गंजाची उभी कडा तयार झालीय का, दोन्ही पॅड सारखे झिजलेत का, पिना हाताने सरकतात का, आणि पॅड आपल्या खाचेत मोकळे आहेत का गंजाने अडकलेत. पिना काढून साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉनचं ग्रीस लावा, साधं पिवळं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिन परत जाम. बूट फाटला असेल तर बदलाच, दहा मिनिटांचं काम आहे आणि तो फाटका ठेवला की सगळी मेहनत पुढच्या पावसात वाहून जाते. माझ्याकडे आलेल्या मऊ पेडलच्या ईव्हीत सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच, पिन. धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ब्रेक क्लीनरने धुवा, मास्क लावा.

चाक हवेत आहेच तर वर-खाली धरून हलवून पण बघा. बेअरिंग ढिलं असेल तर खड्ड्यांच्या रस्त्यावरून आल्यावर डिस्क डोलून पॅडना मागे ढकलते, मग पहिला ब्रेक खोल आणि दुसरा बरोबर. आणि मागे ड्रम असतील तर आतला ऑटो अ‍ॅडजस्टर गंजून बसलेला असू शकतो, लायनर झिजत जातात पण अंतर भरून निघत नाही आणि पेडल हळूहळू खोल होत जातं. इतकं हळू की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही, गाडी शेजाऱ्याला दिली की तो सांगतो.

चाक परत लावून झालं की गाडी हलवायच्या आधी पेडल दाबून दाबून कडक करून घ्या. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली तर पहिल्या दाबाला पाय थेट खाली जातो, आणि मागे भिंत नाहीतर पोर असतं.

आता ऑईल आणि हवा काढणं. बहुतेक गाड्यांत डॉट ४ असतं, झाकणावर लिहिलेलं असतं तेच घ्यायचं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, त्यात साधारण ३.७ टक्के पाणी शिरलं की हा किमान आकडा १५५ वर येतो. ऑईल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल एकदम खाली. थंड झाल्यावर परत ठीक, म्हणून गॅरेजला आणेपर्यंत काही सापडत नाही. बेळगावहून चोर्ला घाट उतरताना कोणाचं असं झालं तर मी पहिलं विचारतो, रिजेन शून्यावर ठेवलं होतं का आणि ऑईल कधी बदललं. घाटात रिजेन पूर्ण वापरा, बेळगावात फुल चार्ज केलं असलं तरी घाटापर्यंत बॅटरी थोडी उतरलेली असते, तिला चार्ज घ्यायला जागा असते. आणि ऑईल किलोमीटरवर नाही, वर्षांवर बदलायचं असतं. गाडी आठ हजारच चाललीय असं लोक सांगतात, पण पाणी किलोमीटर मोजून शिरत नाही. बऱ्याच कंपन्या दोन वर्षं सांगतात, आपल्या हवेत मी त्यापेक्षा एक दिवस जास्त देत नाही. ऑईल काहीशे रुपयांचं असतं. उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं येतं ते वेगळं, यात मिसळायचं नाही, आणि इंजिन ऑईल-हायड्रॉलिक ऑईल तर थेंबभरही नाही, सगळी सीलं फुगतात.

साधा व्हॅक्यूम बूस्टर असलेल्या गाडीत दोन माणसांनी, एक पेडलवर एक चाकाजवळच्या हवा काढायच्या निपलवर, जुन्या पद्धतीने हवा निघते. कुठल्या चाकापासून सुरू करायचं ते मॅन्युअल सांगेल तसंच. बाटली मध्येच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर हवा एबीएसच्या युनिटमध्ये जाते आणि ती बाहेर काढायला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून आतले व्हॉल्व्ह आणि पंप चालवावे लागतात. इलेक्ट्रिक बूस्टरच्या गाडीत मात्र स्कॅनरशिवाय हात घालू नका, घरीच हवा काढून आणलेली अशी गाडी पहिल्यापेक्षा मऊ असते, मी बघितलंय.

थांबायचं कुठे ते स्पष्ट सांगतो. दाबून धरल्यावर पेडल खाली सरकतं, कुठेही ऑईल गळतंय, लाल ब्रेकचा दिवा किंवा बूस्टरचा मेसेज आहे, एबीएसचा दिवा जात नाही, किंवा पिना साफ करून, ऑईल बदलून, हवा काढूनही पेडल मऊच आहे, तर पुढे मास्टर सिलेंडर, एबीएस युनिट किंवा बूस्टर असतो आणि ते घरच्या अंगणातलं काम नाही. ईव्हीचं ट्रेनिंग घेतलेला आणि तुमच्या गाडीचा स्कॅनर असलेला माणूसच हवा. गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे चारी चाकं उचलून नेणाऱ्या ट्रकवर न्या, मोटरची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही, चाकं फिरली की मोटर वीज तयार करत राहते आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं.

चालत्या गाडीत पेडल खाली गेलं तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, रिजेन पूर्ण वर न्या, पेडल भराभर पंप करा, आणि इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर बटण ओढून धरून ठेवा, बऱ्याच गाड्यांत त्याने गाडी ताब्यात राहून थांबते. गाडी बंद करू नका, बंद केली की रिजेन पण गेलं आणि बूस्टर पण.

हे परत होऊ नये म्हणून माझ्या गिऱ्हाइकांना मी एकच काम देतो, आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, रिजेन शून्यावर ठेवून साठच्या वेगावरून पाच-सहा वेळा चांगला दाबून ब्रेक. डिस्क घासून निघते, पिना हलतात. गाडी धुतल्यावर किंवा फेरीवर खारं पाणी उडाल्यावर तर त्याच दिवशी. आणि पावसाच्या आधी एकदा, पावसानंतर एकदा पिना उघडून ग्रीस.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा नुसतं "ब्रेक मऊ" म्हणू नका. गाडी बंद असताना पेडल कसं लागतं, रेडीत कसं लागतं, पंप केल्यावर वर येतं का, धरून ठेवल्यावर सरकतं का, ऑईलची लेव्हल कुठे आहे आणि शेवटचं कधी बदललं, डॅशबोर्डवर कुठला दिवा आहे, आणि हे सावकाश चालताना होतं की वेगात, एवढं सांगितलंत तर तो येताना बरोबर सामान घेऊन येईल.